सुहासला पत्र

गेन्सव्हिल, फ्लोरिडा

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात येतोयस हे वाचून तुझी वहिनी आणि मी दोघंही खूश झालो. पण "जिनी स्प्रिंग्जच्या पाण्याखालच्या गुहेत थोडं आत जाऊन येऊ, तारकर्लीत दोनशे डाइव्ह झाल्यात माझ्या" असं लिहिलंयस, त्यामुळे मुद्दाम पत्र लिहायला बसलो.

मला भीती त्या दोनशे डाइव्हचीच वाटते. इथल्या गुहांमध्ये आजवर ज्यांचे जीव गेले, त्यांत समुद्रात दुसऱ्यांना डायव्हिंग शिकवणारे इन्स्ट्रक्टरही आहेत. त्यांना पाणी नवीन नव्हतं, डोक्यावरचं छप्पर नवीन होतं. बाबांनी आपल्याला काय शिकवलं? घाबरलास तर वर बघ, उजेडाकडे ये. गुहेत वर खडक असतो. जितकं आत गेलास तितकंच उलट पोहत आलास, तरच बाहेर.

आणि ती वाट दिसेलच असं नाही. झऱ्याचं पाणी काचेसारखं असतं, तळाचा खडान्खडा दिसतो, म्हणून माणूस फसतो. खाली पिठासारखा बारीक गाळ असतो. पायातली फिन जरा चुकीची मारलीस की तो उठतो आणि टॉर्च डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. म्हणून बाहेरच्या उघड्या पाण्यापासून आतपर्यंत अखंड दोरी हवीच.

मी इथे प्राथमिक कोर्स केला. आधी जमिनीवर, झाडांना दोरी बांधून, डोळे झाकून चालायला लावलं. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दोरी त्यातून सरकू द्यायची, सोडायची नाही. तेच मग पाण्यात, काळं केलेला मास्क लावून. मास्कचा पट्टा टोचला म्हणून मी क्षणभर हात काढला. परत नेला तर दोरी नव्हती. खरं तर ती वीतभर अंतरावरच होती आणि इन्स्ट्रक्टर शेजारीच होते. तरी श्वास असा सुटला की हवेचा काटा भराभर उतरला. वीस मीटरवर हवा तशीही पृष्ठभागाच्या तिप्पट लागते, त्यात ही धाप.

समुद्रात तू टाकीतल्या हवेचा दाब ५० बार उरला की वर येतोस. इथे एक तृतीयांश हवा जायला, एक यायला आणि एक राखीव, कारण जोडीदाराची संपली तर दोघांना तुझ्याच टाकीवर बाहेर यायचंय. २०० बार असतील तर साधारण ६६ वापरले की मागे फिरायचं, समोर कितीही सुंदर दिसलं तरी. हे नियम गुहांमध्ये डायव्हिंग करणारे शेक एक्स्ली यांनी अपघातांचा एकेक हिशेब मांडून १९७९ साली लिहिले. ते स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोनच्या पाण्याने भरलेल्या खोल विवरात मरण पावले.

२०१८ मध्ये मुलं अडकली होती ती थायलंडची थाम लुआंग गुहा आठवते ना? पाणी उपसायला किर्लोस्करांचे लोक गेले होते म्हणून आपण रोज पेपर उघडून बघायचो. त्यात समन कुनान यांचा जीव गेला. थाई नौदलाचे माजी जवान, हवेच्या टाक्या आत ठेवून परत येताना.

जिनीला डेव्हिल्स इअरच्या झऱ्यात गुहेचं सर्टिफिकेट नसलेल्याला टॉर्च नेऊच देत नाहीत. हातात उजेड असला की पाय आत ओढतात. तेव्हा तुझा टॉर्च घरीच ठेव. गुहेच्या तोंडाशी सांगाड्याचं चित्र असलेली पाटी आहे, तिथपर्यंत आपण दोघं जाऊ आणि परत फिरू.

गुहा खरंच करायची असेल तर रीतसर कोर्स कर, पैसे मी भरतो. परतीचं तिकीट मात्र दोन आठवडे पुढचं काढ.

तुझा,
दादा