दिवाळीला येत नाही, तरी ऐका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई "बरं बरं" म्हणते आणि भाजीचे भाव सांगायला लागते. बाबा तर फोनच तिच्याकडे देतात. म्हणून लिहितेय. दिवाळीला मी जर्मनीहून मिरजेला येत नाहीये. रजा जानेवारीत टाकली आहे, बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, आणि ती मंजूरही झाली आहे.

आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात वर्षाच्या रजा आदल्या वर्षीच ठरतात. मध्येच बदल हवा तर दुसरं कुणीतरी तयार व्हावं लागतं. एक जण तयार झाली, बदल्यात दिवाळीच्या आठवड्यातल्या तिच्या पाळ्या मी घेतल्या. दोन्ही वेळा जमलं असतं तर आलेच असते गं. पण चार दिवस फराळ खाऊन परत निघण्यापेक्षा ऑपरेशननंतर बाबांना उभं करायला, वॉकर धरून चालवायला मी तिथे असणं जास्त गरजेचं आहे. दादाला ते जमणार नाही. इंजेक्शनची सुई पाहूनच तो आधी आडवा होतो.

एवढंच कारण असतं तर पत्र इथेच संपलं असतं. पण यंदा मला इथे दिवाळी करावीशीही वाटतेय. आई, लगेच पदर डोळ्यांना लावू नकोस. गेल्या वर्षी मी ड्यूटीवरून येऊन एकटीच मॅगी खाऊन झोपले होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं. यंदा घरात माणसं असणार आहेत.

वरच्या मजल्यावरची चेची (मल्याळीत ताई) केरळातल्या कोट्टायमची आहे, माझ्याच वॉर्डात. त्यांच्याकडे दिवाळी म्हणजे नुसती सुट्टी; मोठे सण ओणम आणि नाताळ. तरी नरक चतुर्दशीला डोक्याला खोबरेल तेल ती घालणार, असं तिनेच ठरवून टाकलंय. (उटणं आणि मोती साबण माझ्याकडे आहे, काळजी नको.) फिलिपिन्सच्या दोघीजणी आकाशकंदील करतायत. त्यांच्याकडे नाताळची तयारी सप्टेंबरातच सुरू होते, तेव्हा 'पारोल' नावाचा चांदणीसारखा कंदील करतात, बांबूच्या कामट्या आणि कागद लावून. बाबा, तुम्ही कामट्यांना दोरा गुंडाळताना शेवटची गाठ दातांनी ओढायचात ना? त्यातली धाकटी अगदी तस्सं करते. मला एकदम अंगणात तुमच्याशेजारी खळीची वाटी धरून बसल्यासारखं वाटलं.

खालच्या तुर्की काकू दर दोन दिवसांनी विचारतात, तुमचा बायराम, म्हणजे सण, कधी? त्या बकलावा आणणार आहेत. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला मी भाऊबिजेला ओवाळणार आहे. यंदा भाऊबीज ११ नोव्हेंबरला, आणि त्याच दिवशी इथे सेंट मार्टिनचा सण. संध्याकाळी लहान मुलं हातात कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने फिरतात. तेव्हा आधी ओवाळून घेणार आणि मग कंदील घेऊन शाळेच्या मिरवणुकीत जाणार, असा त्याचा बेत आहे. ओवाळणी काय घालायची यावर काकूंशी त्याची वाटाघाट चालू आहे.

रांगोळीची मात्र गंमत आहे. इथे श्टुटगार्टकडे 'केअरवोख' असते, म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. त्या आठवड्यात पाटी माझ्या दारावर यावी म्हणून मी शेजारच्या आजोबांशी पाळी बदलून घेतलीय. माझाच जिना, माझीच रांगोळी, मीच पुसणार!

रविवारी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही. पाळी सकाळी सहाला, म्हणून अंघोळ चारच्या सुमाराला. नळ बारीकच सोडावा लागेल, आणि अंघोळ चालू असताना बाहेर फुलबाजी धरायला बाबा नाहीत. इथे मोठे फटाके फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला. दुपारी मी घरी येते आणि पाचच्या आधीच सूर्य मावळतो, तेव्हा लक्ष्मीपूजन अगदी वेळेवर होईल.

थंडीचं म्हणाल तर घरात हीटर आहे, जाड दुलई आहे, कुकरही आहे. वरणभात रोज होतो. आई, मी बारीक झालेले नाही, फोनचा कॅमेरा तसा दाखवतो.

आता माझं ऐका. बाबा, ऑपरेशनच्या आधी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी होणार. नोव्हेंबरात खाल्लेलं जानेवारीच्या रिपोर्टात दिसतं. तेव्हा "मी फक्त अर्धा अनारसा घेतला" हे मला सांगून उपयोग नाही, कागद बोलेल. स्टुलावर चढून आकाशकंदील लावायचा नाही, दादा लावेल. अभ्यंगाला पाटावर बसायचं नाही, न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची ठेवा, आणि तेल लागलेल्या पायांनी फरशीवर फिरू नका. आई, चार प्रकार पुरे. करंज्या करायला शेजारच्या मावशींना हाक मार, सगळं एकटीने करून मग कंबर धरून बसायचं नाही. रागावू नका, पण वॉर्डात मी अनोळखी लोकांना हेच दिवसभर सांगते. घरच्यांना सांगायला नको का?

२५ ऑक्टोबरला इथलं घड्याळ एक तास मागे जाईल, मग आपल्यात साडेचार तासांचा फरक. माझी पूजा पाचला, म्हणजे तुमचे रात्रीचे साडेनऊ. बाबांनी जेवून, गोळी घेऊन, दुपारची झोप काढून फोनसमोर बसायचं. चेची, फिलिपिन्सच्या दोघी, काकू, सगळ्यांना तुम्हाला बघायचंय. आई, ती हिरवी साडी नेस.

तुमची,
चिमी

ता.क. भाजणी पाठव, पण पार्सलमध्ये खवा-पेढ्याचं काही घालू नकोस. बाहेरून दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत, पार्सलच अडकेल. आणि चकलीत मोहन किती घालतेस ते वाटीने सांग. "अंदाजाने" म्हणालीस तर चेचीला काय सांगू?