हप्ता वाढत नाही, दावा बुडतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मद्यपी चालकांवरील कारवाईच्या बातम्यांत दंडाचा आकडा ठळक असतो, विम्याचा उल्लेख क्वचितच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण सोबत अपघातही झाला असेल, तर हे १० हजार किरकोळ वाटावेत अशी गत होते.

शिक्षा झाली की विम्याचा हप्ता भरमसाट वाढतो, हा समज मुख्यतः परदेशातला. आपल्याकडे खासगी मोटारीच्या थर्ड पार्टी (म्हणजे अपघातात इतरांच्या हानीसाठीच्या) विम्याचा दर सरकार ठरवते आणि तो इंजिनाच्या क्षमतेवर असतो. नियमभंगाचे गुण मोजून हप्ता आकारावा, अशी शिफारस विमा नियामकाच्या कार्यगटाने २०२१ मध्ये केली होती, हे खरे.

खरा फटका बसतो तो दाव्याला. चालक दारूच्या अंमलाखाली असल्यास गाडीच्या नुकसानीची भरपाई नाही, ही अट पॉलिसीतच असते. ‘झिरो डेप’ (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारे जादा संरक्षण) घेतलेले असले तरी मूळ दावाच नामंजूर झाल्यावर त्याचा उपयोग काय? मालकाच्या संमतीने मित्र किंवा पगारी चालक गाडी चालवत असला तरी हीच अट लागू. मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही अशा वेळी मिळत नाही.

यासाठी कोर्टात शिक्षा व्हावीच लागते असेही नाही. ‘इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले, की श्वासाची वा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी विमा कंपनी इतर पुराव्यांवरून नशा सिद्ध करू शकते. मग गुन्हा कबूल करून दंड भरल्याची नोंद कंपनीच्या किती कामी येईल, ते सांगायला नको.

जखमींना भरपाई मिळावी म्हणून न्यायालये अनेकदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात आणि ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. ही रक्कम कित्येक लाखांत जाते. घरदार विकायची वेळ येते ती इथे. विमा कंपन्यांनी दारूची ही अट पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, मराठीत छापायला हवी.

नव्या पॉलिसीच्या अर्जात चालकाच्या आधीच्या अपघातांची वा शिक्षेची माहिती विचारली असेल, तर ती खरीच लिहावी. लपवाछपवी उघड झाली, तर पुढचा शुद्धीतला दावाही अडकतो. आणि परवाना निलंबित असेपर्यंत गाडीला हात लावू नये. त्या काळातल्या अपघाताचा दावा थेंबभर दारू न घेताही फेटाळला जातो.

– एक विमा सल्लागार