आपल्या फाटकावर काँक्रीट पडलं

प्रिय दिनू,

वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फोन करायला हवा होता, केला नाही. राग धरू नको. माझी शुगर बरी आहे, डोळ्याचं पुढच्या महिन्यात करायचं आहे. आज लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं. घरात कोणाला सांगून ते कळणार नाही.

आपल्या शकुंतलेच्या, त्या बंद पडलेल्या छोट्या गाडीच्या, फाटकावर परवा काँक्रीट टाकलं. रुळांवरूनच.

आधी मला वाटलं, रूळ काढतील. काढले नाहीत. एका पोरानं खराट्यानं रूळ झाडले, त्यांच्यावर लोखंडी जाळी अंथरली आणि मिक्सर ओतायला लागला. खराटा फिरला तसा गंज उडून खालचा तपकिरी रूळ दिसला, आणि मी तसाच उभा राहिलो. मग काय केलं सांगू? जाळी पोचली नव्हती तिथं जाऊन दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवला, आपण पैज लावून ठेवायचो तसा. अडीच फूट, बस. तेवढ्या रुंदीवर आपल्या आख्ख्या तालुक्याची रुई मूर्तिजापूरला गेली. पोरगा म्हणाला, "काका, सरका तिकडं." सरकलो.

आता मनाला लागून राहिलेलं सांगतो. हा रस्ता व्हावा म्हणून दिलेल्या निवेदनावर तिसरी सही माझी आहे. गेल्या पावसाळ्यात सुनबाईच्या स्कुटीचं चाक रुळाच्या खाचेत फसलं आणि तिचं मनगट मोडलं. त्याआधी दोघं पडले होते. सही करताना हात अडखळला नाही. आणि त्याच महिन्यात 'शकुंतला वाचवा' म्हणणाऱ्यांच्या सभेत मी दहा मिनिटं बोललो होतो! तू असतास तर तिथंच म्हणाला असतास, "काऊन बे, एका तोंडानं बोल ना." खरंच, कोणत्या तोंडानं बोलू?

आपलं भांडण आठवतं? १५ एप्रिल १९९४ ला वाफेचं इंजिन उतरवलं तेव्हा तू म्हणालास, "डिझेलनं तरी वेळेवर येईल." आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नव्हतो. वेळेवर यायला ती काय राजधानी होती? मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, आणि लागायचे चार तास. पण ते इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं होतं, १९२३ पासून आपल्याकडं धावत होतं. ज्या मँचेस्टरला वऱ्हाडाचा कापूस जायचा, तिथूनच ते आलं. आज्याच्या शेतातला कापूस जिनात जायचा, सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि याच गाडीनं मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीवर चढायच्या. पुढं मुंबई, तिथून बोट. आपल्या गावाला रेल्वे मिळाली ती कापसापायी, आपल्यापायी नाही. आपण मागून चढलो.

आणि तुझं ते पालुपद, "अजून इंग्लंडच्या राणीला रुळांचं भाडं जातं"! तेव्हा तोंड वर करून भांडलो, पण हाती काही नव्हतं. आता ऐक. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, लाईन त्या कंपनीची. अचलपूरची ७६ आणि यवतमाळची ११३ किलोमीटर, दोन्ही मूर्तिजापूरला मिळणाऱ्या. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, ही राहून गेली. गाड्या सरकारी रेल्वेनं चालवायच्या आणि कंपनीला करारानं पैसे द्यायचे, असं चालू राहिलं. पण किलिक निक्सन पुढं भारतीयांच्याच हातात आली. राणी कुठली, दिनू! मालक एक, चालवणारा दुसरा, मग रुळाला पैसा घालणार कोण? रूळ ढिले पडले, वेग विसावर आला, माणसं एसटीत बसली.

त्या माणसांत मीही. सभेत एका पोरीनं विचारलं, "काका, तुम्ही शेवटचे कधी बसलात?" मला आठवेना. घरी येऊन रात्रभर आठवत बसलो. मोटारसायकल घेतल्यापासून एकदाही नाही. दर्यापूरला कॉलेजात होतो तेव्हा रोज बनोसा स्टेशनावर उतरायचो. फाटकाशी गाडी थांबायची, माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडं जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून चढायचा. तेवढ्यात आपण चढायचो. तू चढताना डबा सांडलास, वरणाचा वास बनोसापर्यंत आला, आणि गार्डानं तिकीट फाडता फाडता विचारलं, "घरी कोणी आजारी आहे काय?" त्यावर तू इतका हसलास की तिकिटाचे पैसे देणंच राहून गेलं.

२०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंनी ही लाईन ब्रॉडगेज करायला दीड हजार कोटी जाहीर केले तेव्हा तू फोनवर नाचलास. मी गप्प होतो, तुला ते खटकलं. आज सांगतो. ब्रॉडगेज यावी, पोरांना अमरावती-अकोल्याला जायला यावीच. पण ती आली तरी हे रूळ निघणारच होते. मला दोन्ही हवं होतं, आणि तसं म्हणायची लाज वाटली.

चिन्मयीचं लग्न ठरलं हे तुझ्या भावाकडून कळलं. फार आनंद झाला. मुलगा बंगलोरचा ना? आहेर काय हवा तो मोकळेपणी सांग. फ्लॅटचा ताबा मिळाला का?

रस्ता अर्धाच केलाय. डावी बाजू झाली, तिच्यावर गोणपाट टाकून पाणी मारताहेत. एकवीस दिवस झाले की उजवी बाजू घेणार, असं मुकादम म्हणाला. उजवीकडं चार-पाच हात रूळ अजून उघडा आहे. आज तिसरा दिवस आहे. पत्रिका घेऊन येशीलच, तर त्याआधी ये. मूर्तिजापूरला उतर, मी घ्यायला येतो.

तुझा,
विनू