ट्रंकेतले फोटो आणि निर्लेखनाची यादी: सोलापूर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, सोलापूर

विषय: गावोगावच्या जुन्या छायाचित्रांचे जतन, आणि शाळा-ग्रामपंचायतींतली छायाचित्रे निर्लेखनातून वगळणे

महोदय,
स. न. वि. वि.

पहिली मागणी आधीच सांगतो, कारण तिला पैसा लागत नाही. जुन्या सामानाचे निर्लेखन होते, म्हणजे ते निरुपयोगी ठरवून नोंदीतून काढले जाते, तेव्हा मोडकी बाके, गंजलेली कपाटे आणि फुटके फळे यांच्या ढिगात भिंतीवरच्या फ्रेमाही भंगारात जाऊ शकतात. काच तडकलेली, फोटो पिवळा पडलेला, मग तो ‘निरुपयोगी’ ठरायला कितीसा वेळ लागतो? त्या फ्रेमेत व्हर्नाक्युलर फायनलला (जुन्या सातवीच्या परीक्षेला) बसलेली मुले असतात, पहिल्या ग्रामपंचायतीचे पंच असतात, श्रमदानाने खोदलेल्या विहिरीभोवती उभा राहिलेला गाव असतो. ‘कोणतेही छायाचित्र, निगेटिव्ह किंवा अल्बम दोन्ही बाजूंनी स्कॅन केल्याशिवाय निर्लेखनात घेऊ नये’ एवढे एका वाक्याचे परिपत्रक गटविकास अधिकारी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना गेले तरी निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे अवघड आहे, कारण ते लोकांच्या घरात आहे.

सोलापूर शहराचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला. १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे, कापडगिरण्या, सिद्धेश्वराची यात्रा यांवर मजकूर मिळतो. गावांचे तसे नाही. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीच्या पाण्याखाली करमाळा तालुक्यातली जुनी गावठाणे गेली. पाणी ओसरले की चौथरे उघडे पडतात. पण वेस कोणत्या अंगाला होती, पारावर कोण बसत होते, हे चौथरा सांगत नाही. ते एखाद्या लग्नाच्या फोटोत, वरातीच्या मागे, अर्धवट दिसते. गावाचा इतिहास असा फोटोच्या कडेला असतो.

अशा वेळी सरकारी कामाची ठरलेली ओढ असते ती ‘संग्रहालय करू, लोकांनी फोटो आणून द्यावेत’ अशी. कृपया हे करू नका. आजोबांचा एकुलता एक फोटो कोणी देत नाही, आणि दिला तर त्याची जबाबदारी घ्यायला तुमच्याकडे माणूस नसतो. मूळ फोटो घरातच राहावा. आपण गावात जाऊन घरच्या माणसासमोर स्कॅन करावा आणि तिथल्या तिथे परत द्यावा. दुसरी ओढ ‘व्हॉट्सॲपवर पाठवा’ ही. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते. पन्नास जणांच्या गटफोटोतले मागच्या रांगेतले चेहरे म्हणजे मग नुसते ठिपके उरतात. त्यात मोबाईलने काढताना ट्यूबलाइटची रेघ काचेवर येते ती वेगळीच.

घाई आहे ती कागदापेक्षा नावांची. बरा ठेवलेला कृष्णधवल फोटो आणखी तीस वर्षे टिकेल. १९६५ च्या वर्गफोटोतली चाळीस मुले ओळखणारा माणूस मात्र आज सत्तरीच्या पुढे आहे. नावाविना राहिलेला गटफोटो कोणत्याही गावचा असू शकतो, म्हणजे तो कोणत्याच गावचा राहत नाही.

म्हणून गावातल्या स्कॅनिंग शिबिराची तारीख नीट निवडावी. वर्गफोटोत मुली असतील तर त्या बहुतेक लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या असतात, आणि गावातले पुरुष त्यांना ‘अमक्याची बहीण’ यापलीकडे ओळखत नाहीत. त्या माहेरी येतात नागपंचमीला, दिवाळीला आणि गावच्या जत्रेला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मंदिराच्या मंडपात टेबल मांडले, तर एरवी वर्षभर हिंडून न मिळणारी माहिती एका दुपारी मिळते. नोंदीत प्रत्येक स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे घ्यावीत. नुसते ‘सौ. पाटील’ लिहून ठेवले तर पुढच्या पिढीला त्याचा काही उपयोग नाही.

नावे घेण्याची रीत साधी आहे, पण ती चुकते फार. स्कॅन झाल्यावर फोटोची ए-फोर कागदावर साधी प्रिंट काढावी आणि तिच्यावर पेनाने प्रत्येक डोक्याला क्रमांक द्यावा. ‘डावीकडून तिसरा’ असे तोंडी लिहून घेतले, की बघणाऱ्याची डावी की फोटोतल्या माणसाची डावी हा घोळ होतोच. तीच क्रमांकित प्रिंट दोन जाणत्या माणसांना वेगवेगळी बसवून दाखवावी. एकत्र बसवले तर मोठ्या आवाजाचा माणूस बाकीच्यांची आठवण ठरवून टाकतो. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहावीत, कोणी सांगितले तेही लिहावे. शाळेच्या फोटोसाठी तर पडताळ्याचे साधन तुमच्याच खात्यात पडून आहे: दाखल-खारीज रजिस्टर. त्या वर्षाच्या नोंदी समोर ठेवल्या की विसरलेली नावे आपसूक ओठांवर येतात. रजिस्टर कार्यालयाबाहेर नेऊ द्यायचे नसेल तर मुख्याध्यापकांनी स्वतः घेऊन बसावे.

वर्ष ठरवताना कोणाच्या अंदाजापेक्षा फोटोतल्या वस्तूंवर विसंबावे. शाळेच्या पाटीवर ‘जिल्हा परिषद’ असेल तर फोटो १ मे १९६२ नंतरचा. भिंतीवर काँग्रेसची बैलजोडी रंगवलेली असेल तर ती १९६९ च्या फुटीआधीच्या निवडणुकीची, गाय-वासरू १९७१ ते ७७, हात त्यानंतरचा. ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या पाटीवर ‘एमएच १३’ असेल तर १९८९ च्या आधीचा फोटो असूच शकत नाही. अक्कलकोट तालुक्यातल्या फोटोत संस्थानी शिक्का किंवा गणवेश असेल, किंवा मंगळवेढ्याच्या फोटोमागे सांगली संस्थानाचा उल्लेख असेल, तर तो १९४८ च्या विलीनीकरणाआधीचा समजायला हरकत नाही. आता तंत्राच्या खुणा. चौकोनी, सव्वादोन इंची निगेटिव्ह बहुधा १२० फिल्मची. ॲग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यात तिच्यावर बारा फोटो निघत. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, म्हणून मागची बाजूही स्कॅन करायची. तिथला मजकूर मोडीत, कन्नडमध्ये, उर्दूत किंवा तेलुगूतही सापडेल. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड बोलणारा एक तरी माणूस टेबलावर हवा.

आता यंत्राचे. एका टेबलासाठी एक फ्लॅटबेड स्कॅनर, एक लॅपटॉप, दोन हार्ड डिस्क, फुंकर मारायचा रबरी फुगा, मऊ ब्रश, आणि वीज गेल्यावर चार तास टिकणारा इन्व्हर्टर. ग्रामपंचायतीतला सगळ्यात स्वस्त, पातळ स्कॅनर बहुधा सीआयएस जातीचा असतो. काचेला चिकटून असलेला कागद तो चांगला वाचतो, पण दोन-तीन मिलिमीटर वर असलेली वस्तू धूसर करतो. फ्रेममधले आणि जाड पुठ्ठ्यावरचे फोटो त्याच्यावर वाया जातात. सीसीडी स्कॅनरच (आत भिंग असलेला, काचेपासून थोडी वर असलेली वस्तूही स्पष्ट टिपणारा) मागवा, आणि तो निगेटिव्ह वाचणारा असेल तर उत्तम.

छापील फोटो ६०० डीपीआयला (एका इंचात टिपले जाणारे ठिपके), पासपोर्ट आकाराचे १२०० ला, ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह किमान २४०० ला. फाइल टिफ, म्हणजे तपशील न गाळणाऱ्या प्रकारची. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच, कारण शाईचा शिक्का, हळदीचा डाग आणि पिवळेपणा हीही माहितीच आहे. स्कॅनरमधले ‘आपोआप सुधारणा’ आणि ‘धूळ काढा’ हे दोन्ही पर्याय बंद. मोबाईलवरची जुने फोटो ‘चकाचक’ करणारी ॲप तर या कामाजवळ फिरकूही नयेत. नसलेला तपशील ती स्वतःच्या मनाने रचतात, आणि मग आजीच्या नाकात तिने कधी न घातलेली नथ दिसायला लागते.

एका फोटोला, माहितीसकट, पाच मिनिटे धरा. सहा तासांत एका टेबलावर सत्तरेक, दोन टेबलांवर दीडशेच्या आसपास. चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० डीपीआयला सुमारे २६ एमबी होतो; दोन्ही बाजू मिळून ५२. मोठे गटफोटो धरून एका गावाला दहा जीबी पुरतात. जिल्ह्यात हजाराच्या वर ग्रामपंचायती आहेत, म्हणजे सगळा जिल्हा दहा-अकरा टीबीत बसतो. तीन प्रती ठेवायच्या तर आठ टीबीच्या सहा हार्ड डिस्क. तीन प्रती हव्यातच: एक जिल्हा परिषदेत, एक पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात, एक जिल्ह्याबाहेर. दरवर्षी डिस्क चालू करून चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे सांगणारा आकडा) ताडायचा. सीडीवर काहीही ठेवू नये.

फाइलच्या नावात गावाचे नाव नको. एकट्या टाकळ्याच जिल्ह्यात कितीतरी आहेत. जनगणनेतला गावाचा सहा अंकी कोड, मग घराचा क्रमांक, मग फोटोचा, शेवटी पुढची बाजू १ आणि मागची २, सगळे आकड्यांत. नावे-गावे फाइलच्या आतल्या माहितीच्या रकान्यांत भरावीत, म्हणजे एक्सेलची यादी हरवली तरी फोटो मुका होत नाही.

टेबलावर बसणाऱ्याला काही गोष्टी करू नये म्हणून शिकवावे लागेल. काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही. दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो, काचेला धरतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. तो काचेसकट स्कॅन करावा. देवघराजवळच्या फ्रेमांवर उदबत्तीची काजळी आणि कुंकू असते. फडका किंचित ओला करून फक्त बाहेरची काच पुसावी, काचेवर पाणी फवारू नये, ते कडेने आत उतरते. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो सुटत नसेल तर अख्खे पान स्कॅन करावे. सोडवायचाच तर दातांसाठीचा मेण नसलेला धागा खालून करवतीसारखा हळू सरकवावा. लॅमिनेशन कधीच नाही.

आधी कोणते घ्यायचे? लोक हमखास सगळ्यात जुना, पुठ्ठ्यावरचा फोटो पुढे करतात. खरे तर १९७० आणि ८० च्या दशकातले रंगीत फोटो आधी घ्यायला हवेत. त्यांतला निळसर रंग बंद पेटीतही उडतो आणि सगळा फोटो लालसर होतो. कृष्णधवल फोटो चांदीचा असतो, तो दमाने जातो. मात्र धुताना पाणी कमी पडले असेल तर त्यात हायपो (फोटो पक्का करण्याचे रसायन) राहतो आणि फोटो तपकिरी, फिकट होत जातो. घागरी-घागरीने पाणी आणणाऱ्या तालुक्यांत असे फोटो जास्त दिसले तर नवल मानू नये.

लोकांच्या हातात फोटो परत देताना एक चिठ्ठी द्यावी. पत्र्याखालच्या माळ्यावर ट्रंक ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात तिथे भट्टी असते. आतल्या खोलीतले कपाट, मधला कप्पा, कागदी पाकीट. उग्र वासाची प्लॅस्टिक पिशवी नको, डांबराच्या गोळ्या फोटोजवळ नकोत. मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. कसर लागली असेल तर पाकीट बदला आणि पेटी रिकामी करून पुसा. आणि पुराचे: सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचे पाणी घरांत शिरले तसे पुन्हा झाले, तर भिजून चिकटलेले फोटो उन्हात वाळवू नयेत. ते स्वच्छ थंड पाण्यात सोडवून, चित्र वर करून, सुती कापडावर सावलीत पसरावेत. दोन दिवसांत जमणार नसेल तर पिशवीत घालून किराणा दुकानाच्या आइस्क्रीमच्या फ्रीजमध्ये ठेवावेत, वेळ मिळतो.

एकच टेबल चावडीत मांडले तर वाड्यांतले फोटो येतील आणि गावाचा इतिहास म्हणून पाटलांचा इतिहास जमा होईल. दुसरे टेबल वस्तीत, तांड्यावर, तिथल्या समाजमंदिरात हवे. जिथे घरात एकही फोटो नव्हता तिथे शाळेचा गटफोटो, १९७२ च्या दुष्काळी कामावरचा एखादा फोटो किंवा दुसऱ्याच्या लग्नात मागे उभी असलेली आई हाच पुरावा असतो. तो शोधायला वेळ द्यावा लागतो.

संमतीचा अर्ज एका पानाचा, तीन खुणांचा असावा: सर्वांना दाखवा, फक्त गावात दाखवा, फक्त जपून ठेवा. मयताच्या वेळी काढलेले फोटो विचारल्याशिवाय कधीही पहिल्या रकान्यात टाकू नयेत. फोटो ज्याच्या घरात आहे त्याच्याकडे छापण्याचा हक्क असतोच असे नाही, म्हणून स्टुडिओचे नाव नोंदवावेच. तालुक्याच्या ठिकाणचे बंद पडत चाललेले स्टुडिओ हा तर स्वतंत्र विषय आहे. निगेटिव्हपेक्षाही तिथले ऑर्डरचे रजिस्टर मोलाचे, कारण त्यात तारीख आणि गाव दोन्ही असते. आंबूस वास येणाऱ्या निगेटिव्हचे डबे मात्र बाकीच्यांपासून लगेच वेगळे काढावेत. ती कुज शेजारच्यांनाही धरते.

अकरा तालुक्यांतून एकेक गाव निवडून सुरुवात करता येईल. उजनीकाठचे पुनर्वसित गावठाण त्यात एक असावे. संगणक परिचालक आणि केंद्रप्रमुखांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण श्रावणाआधी झाले तर यंदाची नागपंचमी साधेल. निर्लेखनाचे परिपत्रक त्यासाठी थांबवू नये. ते या आठवड्यातही निघू शकते.

आपले,
जुन्या छायाचित्रांच्या जतनाचे काम करणारे काही जण
सोलापूर