परसबागेचे वेळापत्रक सोलापूरच्या पावसावर बांधा

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सादर नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांच्या परसबागा सांभाळणारे आम्ही शिक्षक आणि स्वयंपाकी-मदतनीस. परसबागेचे एकच वेळापत्रक राज्यभर लावू नये, एवढेच मागणे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि लागवडीचा उत्साहही तेव्हाच असतो. पण इथे मृगाच्या एका सरीवर टाकलेले बी पुढच्या उघडिपीत करपते, आणि सर्वांत जास्त पाऊस पडतो तो सप्टेंबरात. कोकणातला तक्ता इथे चालायचा नाही.

जूनमध्ये पेरायचेच तर गवार, चवळी, भेंडी. तेही ओल वीतभर खोल गेल्यावरच. भेंडीवर केवडा रोग येतो, तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. शिरा पिवळ्या पडलेले झाड त्याच दिवशी उपटावे, आणि बी परभणी क्रांतीसारख्या केवड्याला सहज बळी न पडणाऱ्या वाणाचे द्यावे. मेथी-कोथिंबीर मात्र सपाट वाफ्यात टाकली की गेलीच. काळी माती पाणी धरून ठेवते, सप्टेंबरच्या झडीत मुळे कुजतात. गादीवाफाच हवा : नऊ इंच उंच, तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी मुलांचे हात मधोमध पोचतात आणि वाफा कुणी तुडवत नाही. शेणखत पुरते कुजलेले. कच्चे शेण घातले की मुळे खाणारी हुमणी अळी आणि वाळवी आलीच.

खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजी धरली आहे, सहावी ते आठवीला 75. पाचवीपर्यंतच्या शंभर मुलांना 5 किलो लागते. तीन बाय वीस फुटांच्या वाफ्यातून मेथी निघते चार किलोच्या आसपास. एक वाफा एका दिवसालाही पुरत नाही. सगळे वाफे एकदम पेरले तर आठवडाभर मेथी नकोशी होते आणि नंतर महिनाभर काहीच नाही. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी एक वाफा पेरायचा. पालक उपटायचा नाही, कापायचा. तीन-चार कापण्या मिळतात. भोगीची भाजी शाळेत शिजवायची असेल तर वांग्याची रोपे सप्टेंबरअखेर लागली पाहिजेत आणि गाजर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. यासाठी बियाणे तीन हप्त्यांत द्यावे : जून, सप्टेंबर आणि जानेवारीअखेर. जूनमध्ये आलेली सगळी पाकिटे कपाटात पडून राहिली की उगवण घटते. ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून ठेवल्या की चार-पाच दिवसांत कळते.

मार्चपासून कोथिंबीर फुलोऱ्यावर जाते आणि प्रश्न पाण्याचा होतो. उन्हाच्या कडाक्यात चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर लागते. गुंठाभर बागेला 500 ते 600 लिटर. ते बहुतेक शाळांच्या आवाक्याबाहेरचे. तेव्हा मार्चमध्येच बाग चार वाफ्यांवर आणावी, त्यावर शेडनेट टाकावी आणि राजगिरा, गवार, चवळी घ्यावी. एवढ्याला रोज 120 ते 130 लिटर पुरते. त्यातले बरेचसे तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्यातून निघते. हात धुतलेले साबणाचे पाणी पालेभाजीला नको, ते केळीकडे सोडावे.

मेच्या सुट्टीत चूल बंद, म्हणून तेही पाणी बंद. बागा मरतात त्या इथे. 500 लिटरची टाकी चार फुटांच्या कट्ट्यावर, फिल्टर आणि इनलाइन ठिबक, एवढी सोय पुरे. पण टाकी भरायला माणूस लागतोच. बोअरच्या जड पाण्याने ठिबकची छिद्रे पांढऱ्या क्षाराने बुजतात, आठवड्याला नळीचे टोक उघडून पाणी सोडावे लागते. हे काम स्वयंपाकी-मदतनीस करू शकतात, फुकट मात्र नव्हे. सुट्टीतल्या कामाचे वेगळे मानधन धरावे. शेवगा, हडगा, कढीपत्ता यांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की ते कमी पाण्यावर तगतात. शेवगा उंचवट्यावर लावावा, सप्टेंबरचे तुंबलेले पाणी त्याला सोसत नाही.

आणि बागेचे मूल्यमापन फोटोवर नको. स्वयंपाकघरात वजन करून घेतलेल्या भाजीची वही पाहावी.

मानधनाचा निर्णय एप्रिलच्या आत व्हावा. मे सरल्यावर पैसे आले तर पाणी घालायला वाफ्यात काही उरलेले नसते.

कळावे.

आपले,
शालेय परसबागा सांभाळणारे शिक्षक व स्वयंपाकी-मदतनीस,
सोलापूर