जर्मनीतील कायम निवास परवान्याबाबत सभासदांना सूचना

ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या मुदतीच्या निवास परवान्यावर) काम करणाऱ्या आपल्या मंडळातील सभासदांनी कायम निवास परवान्यासाठी, म्हणजेच नीडरलासुंग्सएरलाउबनिससाठी, कार्डाची मुदत संपेपर्यंत थांबू नये, ही विनंती. नोव्हेंबर 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार ब्लू कार्डधारकाने 27 महिने पात्र नोकरी करून तेवढ्याच काळाचे पेन्शन विम्याचे हप्ते भरलेले असतील आणि त्याला ए1 (अगदी प्राथमिक) पातळीचे जर्मन येत असेल, तर अर्ज करता येतो; बी1 (मध्यम) पातळी असल्यास ही अट 21 महिन्यांवर येते. सहा महिन्यांचा हा फरक पाहता भाषेचा वर्ग पुढे ढकलणे परवडणारे नाही, असे आमचे मत आहे.

नोकरी बदलताना मध्ये खंड पडला असेल, तर महिन्यांचा हिशेब पगारपत्रकांवरून न करता पेन्शन विमा संस्थेकडून हप्त्यांचा उतारा मागवावा. तो विनामूल्य मिळतो. अनेक शहरांच्या परदेशी नागरिक कार्यालयांत भेटीची वेळ मिळण्यास बराच विलंब होतो, त्यामुळे सध्याच्या कार्डाची मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोहोचल्याची लेखी पोच जपून ठेवावी.

आई-वडिलांच्या आजारपणामुळे गावी दीर्घकाळ राहावे लागण्याची शक्यता असलेल्यांनी एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. कायम परवाना मिळाल्यानंतरही जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास तो सामान्यतः रद्द होतो; अधिक मुदत हवी असल्यास निघण्यापूर्वीच कार्यालयाकडून ती लेखी मंजूर करून घ्यावी.

– कार्यकारिणी