एफएमजीईच्या नोट्स कोणत्या सालच्या आहेत, ते आधी पाहा

संपादक महाशय,

रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया इथून वैद्यकीय पदवी घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणी भागात परतलेल्या मुलामुलींच्या घरी एकच चर्चा चालू असते : एफएमजीईला, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवी घेतलेल्यांना भारतात डॉक्टर म्हणून नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेला, क्लास कुठला लावायचा, ॲप कुठले घ्यायचे? तोवर आधीच्या बॅचकडून आलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर येऊन पडलेला असतो आणि मोबाइलमध्ये शेकडो पीडीएफ साठलेल्या असतात. साहित्याची वानवा कुणालाच नाही. त्यातले काय टाकून द्यायचे, हे सांगणारा मात्र भेटत नाही, म्हणून हे पत्र.

परीक्षा ३०० प्रश्नांची. १५० प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकाला १५० मिनिटे, दोन्ही एकाच दिवशी. १५० गुण मिळाले की उत्तीर्ण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. विषयवार गुणांची विभागणी परीक्षा मंडळाच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते, पण ती उघडून पाहणारे थोडेच. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी प्रत्येकी १३, फॉरेन्सिक १०. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग व प्रसूती ३०, कम्युनिटी मेडिसिन म्हणजे पीएसएम (सार्वजनिक आरोग्याचा विषय) ३०. बालरोग, डोळे आणि ईएनटी प्रत्येकी १५. मानसोपचार, त्वचा, भूल, अस्थिरोग यांसारखे विषय पाच-पाच गुणांचे. पहिल्या वर्षाचा विषय म्हणून ॲनाटॉमीच्या व्हिडिओंवर दोन महिने जातात आणि तेवढ्याहून जवळजवळ दुप्पट गुणांचा पीएसएम शेवटच्या आठवड्यात उरकला जातो. निकाल बिघडायला एवढा एक हिशेब पुरतो.

पीएसएम परदेशात शिकवतात, पण तिथल्या देशाचा. आपले राष्ट्रीय कार्यक्रम या मुलांनी कधी पाहिलेले नसतात, आणि जुन्या नोट्स सर्वांत जास्त दगा देतात त्या इथेच. नोट्स हातात आल्या की चार जागा उघडून पाहाव्यात. क्षयरोग कार्यक्रमाचे नाव आरएनटीसीपीच दिसले, तर त्या २०२० पूर्वीच्या. नाव बदलून एनटीईपी झाले आहे. त्यात आठवड्यातून तीनदा गोळ्या आणि कॅटेगरी दोन (आधी उपचार घेतलेल्या रुग्णांचा जुना गट) शिकवलेली असेल, तर ते पान फाडलेले बरे. आता औषधे रोज दिली जातात : दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. दुसरी जागा लसीकरण तक्ता. जानेवारी २०२३ पासून ६ आणि १४ आठवड्यांच्या जोडीला नवव्या महिन्यातही ०.१ मिलिलिटरचा फ्रॅक्शनल आयपीव्ही (पोलिओच्या इंजेक्शनचा छोटा डोस) त्वचेत दिला जातो; तो तिसरा डोस तक्त्यात नसेल तर तक्ता जुना. तिसरी, गर्भपात कायदा : २०२१च्या दुरुस्तीने ठरावीक गटांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली. चौथी फॉरेन्सिकमधली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यूचे कलम ३०४ अ होते, ते आता १०६. संशयास्पद मृत्यूच्या पोलीस पंचनाम्याचे कलम १७४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १९४. जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी लिहून पाठ करावेत, कारण नुसते जुने पाठ असले की पर्यायांत तेच आधी डोळ्यांना दिसते.

लसीकरणासाठी तर विकतचे काही लागतही नाही. घरात वा शेजारी लहान मूल असेल तर त्याच्या आईचे तायी कार्ड (कर्नाटकातले माता-बाल आरोग्य कार्ड) मागून घ्यावे. तारखा भरलेले खरे कार्ड एकदा नीट वाचले की तक्ता विसरत नाही. आणि तालुक्याच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी तासभर थांबलात तर कोणती लस दंडात आणि कोणती मांडीत, हेही डोळ्यांसमोर राहते. माकडतापही आपल्याला परका नाही. शिवमोग्ग्यात १९५७मध्ये सापडलेला हा आजार पुढे शेजारच्या सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरीतही पोचला. तो पसरवणाऱ्या गोचिडीचे नाव मात्र पाठच करावे लागते : हीमोफायसॅलिस स्पिनिजेरा.

झेरॉक्सचे आणखी एक दुखणे. प्रश्नपत्रिकेत चित्रे असतात : पुरळ, डोळ्याचा पडदा, पॅथॉलॉजीच्या स्लाइड. गुलाबी-जांभळ्या रंगाची स्लाइड काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये सरसकट राखाडी होते. त्यावरून पेशी ओळखायला शिकणे म्हणजे अंधारात रंग निवडणे. चित्रे स्क्रीनवरच पाहावीत, परीक्षाही संगणकावरच असते.

रिकॉल प्रश्नांवर फार विसंबू नये. मंडळ प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही. बाहेर फिरते ते कुणाच्या तरी आठवणीतले, अर्धवट, आणि उत्तरे दोन ठिकाणी दोन. कोणत्या विषयावर भर असतो एवढा अंदाज त्यातून घ्यावा, उत्तर मात्र आपल्या मुख्य नोट्समध्ये जाऊन तपासावे.

खरेदी करायची तर एक व्हिडिओ मालिका, तिच्याच छापील नोट्स आणि एक क्यू-बँक, म्हणजे सरावाचा प्रश्नसंच. दुसरे ॲप घेतले की तोच विषय दुसऱ्या शिक्षकाकडून पुन्हा ऐकण्यात वेळ जातो, आणि ऐकलेले समजले म्हणजे आठवेलच असे वाटू लागते. व्हिडिओ संपवून मग प्रश्न सोडवू, हा बेतही फसतो, कारण व्हिडिओ कधी संपतच नाहीत. विषयाचा भाग झाला की त्याच संध्याकाळी ४० ते ५० प्रश्न, घड्याळ लावून. बरोबर आलेल्या प्रश्नाचेही स्पष्टीकरण वाचावे; चुकीचे तीन पर्याय का चुकीचे, यातच पुढचे तीन प्रश्न दडलेले असतात.

चुकांची एक वही ठेवावी. तिच्यात अख्खे स्पष्टीकरण उतरवायचे नाही, चूक का झाली ते एका ओळीत लिहायचे : 'माहीत नव्हते', 'दोन पर्यायांत घोटाळलो', 'प्रश्नातला एक्सेप्ट (हे सोडून) वाचलाच नाही'. पंधरा दिवसांनी ओळी मोजल्या की दुखणे कुठे आहे ते कळते. शेवटच्या प्रकारच्या ओळी जास्त असतील तर नव्या नोट्सने काही होणार नाही. आपल्याकडची बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात आणि परदेशातल्या वॉर्डात रशियन बोलत आलेली असतात. पाच ओळींचा इंग्रजी प्रश्न मिनिटात वाचून होत नाही. त्यावर उपाय रोजच्या लांब प्रश्नांचा. प्रश्नाची शेवटची ओळ आधी, मग वय, लिंग, किती दिवसांचा त्रास, आणि नंतर बाकीचे वाचावे.

शेवटच्या दोन महिन्यांत दर रविवारी पूर्ण ३०० प्रश्न सोडवावेत, दोन्ही भाग त्याच दिवशी. दुसऱ्या भागात गुण पहिल्यापेक्षा सारखे घसरत असतील तर अभ्यास कमी नाही, बैठक कमी आहे. आणि एकही प्रश्न कोरा सोडू नये : चार पर्यायांतून डोळे मिटून खूण केली तरी ४० प्रश्नांत सरासरी दहा गुण हाती लागतात, आणि १४३वर अडकलेल्याला हवे असतात फक्त सात.

वैद्यकीय विषयांचा एक शिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव